तीन पॉइंटांसाठी अडलेली निवृत्ती: अमेरिकेतल्या राखीव सैनिकाने डिस्चार्जचं दप्तर कसं दुरुस्त करून घ्यावं

"दादा, माझी वीस वर्षं भरली असंच मी धरून चाललो होतो."

फोनवरचा माणूस चाळिशी ओलांडलेला. लहानपणी आईवडिलांबरोबर न्यू जर्सीत आला, पुढे अमेरिकेच्या आर्मी रिझर्व्हमध्ये भरती झाला, दोनदा परदेशी तैनातीवर जाऊन आला. महिन्यातला एक शनिवार-रविवार युनिटला आणि बाकीचे दिवस नोकरीला, असं त्याचं आयुष्य. वीस वर्षांनी हातात जो आदेश पडला त्यावर 'डिस्चार्ज', म्हणजे सेवेतून नुसतं मोकळं केलं, असं लिहिलं होतं, 'रिटायर्ड रिझर्व्ह', म्हणजे निवृत्त राखीव सैनिक, असं नव्हतं. चौकशी केल्यावर कळलं की त्याची पात्र वर्षं एकोणीसच धरली आहेत. हजेरी-सेवेचे किमान ५० पॉइंट भरले तरच वर्ष पात्र धरतात, आणि एका वर्षात ४७ च दिसत होते.

तीन पॉइंट म्हणजे दीड दिवसाचं ड्रिल, युनिटमधला सराव.

मी राखीव दलात बरीच वर्षं युनिटच्या कचेरीत काढली, हजेरीपट आणि पॉइंटांचे कागद सांभाळले. तिथे एक गोष्ट पक्की कळली. दप्तरदुरुस्तीच्या अर्जात माणसं आपलं दुःख लिहितात आणि हिशोब लिहायचा राहतो. सातबाऱ्यावर नाव चुकलं तर आपण तलाठ्यापुढे रडत बसत नाही, चूक ज्या फेरफारात शिरली तो फेरफार शोधतो. इथेही तेच करायचं आहे. कुठल्या वर्षाच्या कुठल्या ओळीत चूक शिरली ते शोधायचं आणि ती ओळ खोटी ठरवणारा कागद समोर ठेवायचा.

'निवृत्त' या शब्दात काय काय अडकलेलं असतं

अमेरिकेत 'वेटरन' (माजी सैनिक) आणि 'रिटायरी' (निवृत्त सैनिक) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हेटरन्स अफेअर्स खात्याकडून मिळणारी अपंगत्वाची भरपाई किंवा तिथले उपचार यांसाठी निवृत्त असण्याची गरज नसते. पण साधारण साठाव्या वर्षी सुरू होणारं निवृत्तिवेतन, त्यासोबतचा ट्रायकेअर हा आरोग्यविमा, निवृत्ताचं ओळखपत्र आणि मागे राहिलेल्या जोडीदाराला मिळणारं वेतन हे सगळं निवृत्तीच्या पात्रतेवर अवलंबून आहे. २८ जानेवारी २००८ नंतर विशिष्ट प्रकारची सक्रिय सेवा केली असेल तर दर ९० दिवसांमागे वेतनाचं वय तीन महिन्यांनी खाली येतं, मात्र ५० च्या खाली जात नाही. ट्रायकेअरचं वय साठच राहतं.

२०१८ मध्ये आलेल्या नव्या निवृत्ती योजनेत तुम्ही नसाल तर वेतनाचं गणित सोपं आहे. एकूण पॉइंटांना ३६० ने भागायचं, आलेल्या वर्षांना अडीच टक्क्यांनी गुणायचं आणि तेवढे टक्के मूळ वेतनाच्या ३६ महिन्यांच्या सरासरीवर लावायचे. समजा ३,००० पॉइंट आहेत आणि सरासरी ५,००० डॉलर आहे. ३,००० भागिले ३६० म्हणजे ८.३३ वर्षं, त्याचे २०.८३ टक्के, म्हणजे महिन्याला सुमारे १,०४१ डॉलर, आणि तेही आयुष्यभर.

यात एक बारीक गोम आहे आणि ती फार कमी जणांना माहीत असते. ८ सप्टेंबर १९८० नंतर भरती झालेला सैनिक रिटायर्ड रिझर्व्हमध्ये गेला, तर त्याची ३६ महिन्यांची सरासरी साठाव्या वर्षाच्या आधीच्या वेतनतक्त्यांवरून काढतात. तोच सैनिक वीस पात्र वर्षं भरूनही डिस्चार्ज झाला, तर सरासरी डिस्चार्जच्या आधीच्या तीन वर्षांची धरतात. माणूस चाळिशीत बाहेर पडला असेल तर मधल्या वीस वर्षांची सगळी वेतनवाढ हातची जाते. त्यामुळे 'वीस वर्षं भरल्याचं पात्रतेचं पत्र आहे ना, मग डिस्चार्ज लिहिलं काय आणि रिटायर्ड लिहिलं काय' असं म्हणून सोडून देऊ नका.

आधी चुकीची जात ओळखा

माझ्या पाहण्यात चार प्रकार पुन्हा पुन्हा येतात.

पहिला प्रकार फोनवरच्या माणसाचा, पॉइंट कमी लागल्याचा. वर्ष पात्र ठरायला किमान ५० पॉइंट लागतात आणि अशी वीस वर्षं लागतात. कायद्याचं कलम आहे संघीय कायद्याच्या दहाव्या खंडातलं १२७३१.

दुसरा, वर सांगितलेला. वीस वर्षं भरली, पात्रतेचं पत्रही आलं, पण रिटायर्ड रिझर्व्हमध्ये बदलीचा अर्ज कुणी भरून घेतला नाही आणि करार संपला म्हणून माणूस डिस्चार्ज झाला. आपल्याला हा पर्याय कुणी सांगितलाच नाही, हे इथे दाखवावं लागतं.

तिसरा वैद्यकीय. १५ वर्षं पूर्ण पण २० नाहीत, आणि सेवेशी संबंध नसलेल्या आजारामुळे अपात्र ठरवून काढलं. अशा राखीव सैनिकासाठी १२७३१बी हे कलम आहे. त्याखाली १५ वर्षांवरही पात्रतेचं पत्र देता येतं, आजार स्वतःच्या गैरवर्तनामुळे ओढवलेला नसला म्हणजे झालं. दुखापत किंवा आजार सेवेतच झाला असेल तर वाट वेगळी आहे. तिथे 'लाइन ऑफ ड्यूटी'चा, म्हणजे दुखापत कर्तव्यावर असताना झाली का याचा, निर्णय, वैद्यकीय बोर्ड आणि ३० टक्क्यांचं माप येतं. अपंगत्व ३० टक्के किंवा जास्त ठरलं तर वैद्यकीय निवृत्ती मिळते, कमी ठरलं तर बहुतेकदा एकरकमी पैसे देऊन मोकळं करतात. इथे एक चूक सर्रास होते. व्हेटरन्स अफेअर्सने ७० टक्के दिले म्हणून सैन्यानेही निवृत्ती द्यायला हवी होती, असा अर्ज लोक करतात. ते खातं आजचं अपंगत्व मोजतं. सैन्याचा प्रश्न एवढाच असतो की बाहेर पडण्याच्या दिवशी हा माणूस आपल्या हुद्द्याचं काम करायला असमर्थ होता का. म्हणून पुरावा त्या काळातला लागतो: काम करण्यावर बंधनं घालणारे वैद्यकीय शेरे, वरिष्ठांची पत्रं, देता न आलेल्या शारीरिक चाचण्या.

चौथा प्रकार अठरा वर्षांच्या संरक्षणाचा. अठरा पात्र वर्षं झाली पण वीस झाली नाहीत, अशा राखीव सैनिकाला त्याच्या संमतीशिवाय बाहेर काढण्यावर कायद्याने बंधन आहे, शिपायांसाठी कलम ११७६ आणि अधिकाऱ्यांसाठी १२६४६. अपंगत्व किंवा गैरवर्तनासारखं कारण असेल तर हे संरक्षण लागू होत नाही. पण नुसत्या पदांच्या कपातीत किंवा मुदत संपल्याच्या नावाखाली अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी कुणी बाहेर पडलं असेल, तर सगळ्यात आधी हे कलम तपासा.

आणि एक दिलासा. वीस वर्षांच्या पात्रतेचं पत्र एकदा तुमच्या हातात पडलं की पुढे 'आमची मोजणी चुकली' म्हणून त्या कारणावर निवृत्तिवेतन नाकारता येत नाही. तुम्ही स्वतः लबाडी केली असेल तरच. एकूण पॉइंटांची संख्या मात्र नंतरही दुरुस्त होऊ शकते. म्हणून ते पत्र घरात असेल तर आधी शोधा, बाकीचं मग.

हिशोब स्वतःच्या हाताने मांडा

पॉइंटांचा उतारा मागवा. आर्मी रिझर्व्हमध्ये त्याला डीए फॉर्म ५०१६ म्हणतात, आर्मी नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्यांच्या राखीव दलात, एनजीबी फॉर्म २३बी, हवाई दलाच्या राखीव शाखेत एएफ फॉर्म ५२६, मरीनमध्ये करियर रिटायरमेंट क्रेडिट रिपोर्ट. एका मोठ्या कागदावर प्रत्येक वर्षाची एक ओळ आखा आणि शांतपणे भरत जा.

सगळ्यात जास्त लोक अडखळतात ते वर्षाच्या सीमेवर. हे वर्ष जानेवारीचं नाही आणि सरकारी ऑक्टोबरचंही नाही. तुम्ही ज्या तारखेला राखीव दलात रुजू झालात तिथून ते सुरू होतं. १३ मार्चला रुजू झाला असाल तर तुमचं वर्ष पुढच्या १२ मार्चला संपतं. युनिट मात्र ड्रिलचं वेळापत्रक ऑक्टोबर ते सप्टेंबर आखतं. त्यामुळे एकाच सरकारी वर्षात पुरेपूर ड्रिल करूनही तुमच्या दोन वर्षांच्या हद्दीवर पॉइंट असमान वाटले जाऊ शकतात. सेवेत खंड पडला नसेल तर ही तारीख बदलायला नको, गार्डमधून रिझर्व्हमध्ये गेलात तरीही. उताऱ्यावर ती मध्येच बदललेली दिसली तर तिथे बोट ठेवा. मी पाहिलेल्या चुकांपैकी कितीतरी अशाच बदलीच्या सांध्यात सापडल्या.

आता पॉइंट मोजा. नुसत्या सदस्यत्वाचे वर्षाला १५. चार तासांच्या एका ड्रिलला एक, म्हणजे शनिवार-रविवार मिळून चार. सक्रिय सेवेच्या प्रत्येक दिवसाला एक. बारा महिन्यांची ४८ ड्रिल, पंधरा दिवसांचं वार्षिक प्रशिक्षण आणि सदस्यत्वाचे १५ धरले की ७८ होतात. पण त्या वर्षी प्रशिक्षण चुकलं आणि चार महिने ड्रिलला जाता आलं नाही, तर ३२ अधिक १५ म्हणजे बरोबर ४७. फोनवरच्या माणसाच्या उताऱ्यावर असंच दिसत होतं. त्या वर्षी त्याचे वडील आजारी होते, तो भारतात येऊन-जाऊन होता.

ड्रिल, अभ्यासक्रम आणि सदस्यत्व यांच्या पॉइंटांवर वर्षाला कमाल मर्यादा आहे आणि ती काळानुसार वाढत गेली: आधी ६०, १९९६ पासून ७५, २००० पासून ९० आणि ३० ऑक्टोबर २००७ नंतर संपणाऱ्या वर्षांसाठी १३०. जुन्या उताऱ्यात एखादा आकडा कापलेला दिसला तर आधी ही मर्यादा आठवा. ती चूक नसेलही.

कागद कुठे मिळतात

पगार हा सगळ्यात भक्कम साक्षीदार. ड्रिलचा पगार झाला म्हणजे ड्रिल झालं, आणि ड्रिल झालं म्हणजे पॉइंट मिळायलाच हवा. महिन्याची पगारपावती, जिला सैन्यात सगळे 'एलईएस' म्हणतात, ती आणि उतारा शेजारी शेजारी ठेवा. आमच्या माणसाच्या बाबतीत नोव्हेंबरच्या पावतीवर चार ड्रिलचा पगार होता आणि उताऱ्यावर तो शनिवार-रविवार कोरा. त्याच महिन्यात त्याची एका युनिटमधून दुसऱ्यात बदली झाली होती. जुन्या युनिटने पगार लावला, पण हजेरी कुणीच पुढे पाठवली नाही. ४७ अधिक चार म्हणजे ५१. पंधरा वर्षांपूर्वीचा एक कागद त्याच्या आईने जुन्या बॅगेत जपून ठेवला होता, तो उपयोगी पडला.

पावत्या नसतील तर सैन्याचा पगार बघणारं खातं, म्हणजे डीफास, त्याच्याकडे लेखी मागणी करा. १९८८ पासून ड्रिलच्या पगारावरही सोशल सिक्युरिटीचा कर कापला जातो. म्हणून सोशल सिक्युरिटी खात्याकडून तपशीलवार कमाईचा दाखला मागवला तर त्या वर्षी सैन्याकडून पगार मिळाल्याची नोंद निघते. तो दाखला तारखेवार नसतो, पण दुसऱ्या पुराव्याला आधार म्हणून चांगला.

बिनपगारी कामाचे पॉइंट जास्त हरवतात. लष्करी अंत्यसंस्काराचा मान, भरतीच्या कामाला केलेली मदत, पगाराविना केलेलं प्रशिक्षण, या सगळ्यांसाठी आर्मीत डीए फॉर्म १३८० भरतात, आणि तो फॉर्म कुणाच्या तरी खणात पडून राहिला तर पॉइंट गेला. टपालाने किंवा ऑनलाइन पूर्ण केलेल्या अभ्यासक्रमांना आर्मी रिझर्व्हमध्ये साधारण तीन तासांना एक पॉइंट मिळतो. त्यांची प्रमाणपत्रं शोधा आणि पूर्ण केल्याची तारीख कुठल्या वर्षात पडते ते बघा.

मूळ सेवापुस्तिका सेंट लुईसच्या राष्ट्रीय कार्मिक अभिलेख केंद्रातून मागवता येते, त्यासाठी स्टँडर्ड फॉर्म १८० आहे. घरातल्या एखाद्या आजोबांचं जुनं प्रकरण असेल तर लक्षात ठेवा की १२ जुलै १९७३ च्या आगीत तिथल्या १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली जळाल्या. आर्मीतून १९१२ ते १९६० या काळात बाहेर पडलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के फायली त्यात गेल्या. अशा वेळी पगाराचे आणि इस्पितळाचे कागद हाच आधार.

सोबत्यांची पत्रंही जोडा, पण ती नेमकी हवीत. 'हा फार चांगला सैनिक होता' या वाक्याला पॉइंटांच्या वादात काही किंमत नाही. 'अमुक वर्षी नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी मी याच्याबरोबर नेमबाजीच्या मैदानावर होतो, हजेरी मीच घेतली' या वाक्याला आहे.

बोर्डाआधी खालची खिडकी

थेट दप्तरदुरुस्तीच्या बोर्डाकडे, म्हणजे लष्करी नोंदी सुधारणाऱ्या नागरी मंडळाकडे, धाव घेतली तर अर्ज बहुतेकदा तसाच परत येतो, कारण खालचे मार्ग आधी संपवलेले असावे लागतात. आर्मी रिझर्व्हसाठी केंटकीतल्या फोर्ट नॉक्सच्या मनुष्यबळ विभागाकडे, गार्डसाठी राज्याच्या मुख्यालयाकडे, हवाई दलासाठी कोलोरॅडोतल्या राखीव कार्मिक केंद्राकडे पॉइंटदुरुस्तीची लेखी मागणी करा. साध्या चुका इथेच मिटतात. डीडी २१४, म्हणजे सक्रिय सेवेतून बाहेर पडतानाचा दाखला, त्यावरची किरकोळ चूक डीडी २१५ या पुरवणीने, आणि गार्डच्या तशाच दाखल्यावरची, म्हणजे एनजीबी २२ वरची, एनजीबी २२ए ने दुरुस्त होते. आर्मी रिझर्व्हच्या ड्रिल करणाऱ्या सैनिकाला शेवटी बाहेर पडताना डीडी २१४ मिळत नाही, तिथे डिस्चार्जचा आदेश हाच मूळ कागद. डीडी २१४ त्याच्याकडे असेल तर तैनातीच्या काळाचा.

आमच्या माणसाचे चार पॉइंट या खिडकीवर मान्य झाले. पण तो आधीच डिस्चार्ज झालेला होता, आणि झालेला डिस्चार्ज मागे घेऊन त्या जागी रिटायर्ड रिझर्व्हमधली बदली लिहिणं त्या विभागाच्या हातात नव्हतं. बोर्डाची गरज लागते ती इथे. खालच्या खिडकीचं उत्तर होकाराचं असो की नकाराचं, जपून ठेवा आणि अर्जाला जोडा.

कुठलं बोर्ड, कुठला फॉर्म

दुसऱ्या महायुद्धानंतर एकेका सैनिकाच्या कागदातली चूक सुधारायला अमेरिकेच्या काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, खासगी विधेयकं मंजूर करावी लागत. १९४६ च्या कायद्याने ते काम लष्करी खात्यांच्या नागरी बोर्डांकडे आलं, आज ते कलम १५५२ मध्ये आहे. आर्मीचं एक बोर्ड, नेव्ही आणि मरीनचं मिळून एक, हवाई दल आणि स्पेस फोर्सचं एक, आणि कोस्ट गार्डचं होमलँड सिक्युरिटी खात्याखाली वेगळं. अर्ज सगळीकडे एकच, डीडी फॉर्म १४९, आणि त्याला फी नाही. डीडी २९३ वेगळा. तो डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाचा, पंधरा वर्षांच्या आत भरायचा, आणि त्यातून डिस्चार्जचा शेरा किंवा कारण बदलतं. निवृत्त दर्जा त्यातून मिळत नाही. दोन फॉर्मांची गल्लत करून वर्ष फुकट घालवलेली माणसं मला माहीत आहेत.

चूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज करायचा असतो. सक्रिय सेवेत घालवलेला काळ त्यात धरत नाहीत. मुदत उलटून गेली असली तरी न्यायासाठी गरज वाटल्यास बोर्ड ती माफ करू शकतं. फॉर्मवर उशिराचं कारण विचारलेलं असतं, तो रकाना कोरा सोडू नका. 'वीस वर्षं पूर्ण नसल्याचं मला अमुक तारखेच्या पत्राने प्रथम कळलं, पत्र सोबत जोडलं आहे' एवढं पुरे. कळलं कधी हे कागदाने दाखवा.

निवेदन कसं लिहावं

बोर्ड स्वतः तपास करत नाही, समोर ठेवलेले कागद वाचतं. सरकारी नोंद बरोबरच असणार, असं गृहीत धरून ते सुरुवात करतं, आणि ती चुकीची असल्याचं सिद्ध करायचं काम तुमचं. हे वाचून पुष्कळांना राग येतो आणि तो राग निवेदनात उतरतो. वीस वर्षं देऊन शेवटी आपणच पुरावा द्यायचा, याचं वाईट वाटणं साहजिक आहे. पण निवेदन दोन पानांत बसवा आणि पहिल्याच परिच्छेदात काय हवं ते सांगा. लिहायचं इंग्रजीत, पण आशय असा असावा:

'माझा अमुक तारखेचा डिस्चार्ज आदेश रद्द करून त्याच तारखेला मी रिटायर्ड रिझर्व्हमध्ये बदलीचा अर्ज केला व तो मंजूर झाला, अशी नोंद करावी. अमुक तारखेला संपलेल्या वर्षाचे पॉइंट ४७ ऐवजी ५१ आहेत, पुरावा क्रमांक २ आणि ३. त्यामुळे माझी वीस पात्र वर्षं डिस्चार्जच्या आधीच पूर्ण झाली होती. हे मला कळवलं गेलं असतं तर मी बदलीचा अर्ज केला असता. पात्रतेचं पत्र त्या तारखेपासून द्यावं.'

पुढे वर्षांचा तक्ता, मग एकेका चुकीला एक परिच्छेद आणि त्यासमोर पुराव्याचा क्रमांक. कायद्याचे शब्द दोन आहेत, 'चूक' आणि 'अन्याय'. नियम मोडला गेला असेल तर चूक. नियम पाळूनही परिणाम अघोरी झाला असेल तर अन्याय. दोन्ही म्हणायचं असेल तर दोन वेगळे परिच्छेद करा. जवळपास एखादंच वर्ष आणि थोडे पॉइंट कमी पडत असतील, तर अन्यायाच्या आधारावर बोर्डाला पॉइंट देता येतात. ती मागणी पर्यायी म्हणून शेवटी स्पष्ट लिहा. न मागितलेलं मिळेल अशी आशा धरू नका.

बोर्डांचे जुने निर्णय नावं काढून इंटरनेटवर वाचायला ठेवलेले असतात. तुमच्यासारखी दोन-तीन प्रकरणं शोधून वाचा. कुठल्या कागदाने निकाल फिरला ते कळतं, आणि मला तर वाटतं कुठल्याही सल्ल्यापेक्षा हे जास्त शिकवतं. वकील लावलाच पाहिजे असं नाही. अमेरिकन लीजन, डीएव्ही अशा माजी सैनिकांच्या संस्थांचे प्रतिनिधी विनामूल्य मदत करतात. वैद्यकीय निवृत्तीच्या प्रकरणात मात्र या विषयातला वकील बघावा, कारण तिथे वाद कागदांपेक्षा वैद्यकीय अर्थ लावण्यावर होतो.

मराठी घरांसाठी काही वेगळ्या गोष्टी

आपल्या नावांचा घोळ इथे पदोपदी अडतो. एका कागदावर वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, तिसऱ्यावर आडनावाचं स्पेलिंग निराळं. लग्नानंतर बदललेलं नाव वेगळंच. ही सगळी एकच व्यक्ती असल्याचं एक साधं प्रतिज्ञापत्र अर्जाच्या सुरुवातीलाच लावा. मराठीतला विवाहाचा किंवा मृत्यूचा दाखला असेल तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं सहीचं प्रमाणपत्र जोडा.

सैनिक हयात नसेल तर वारस किंवा कायदेशीर प्रतिनिधी अर्ज करू शकतो. मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा लागतो. पत्नी आता कोल्हापूरला किंवा पुण्याला परत गेली असेल, तरी तिला निवेदनासाठी नोटरीकडे किंवा वकिलातीत खेटे घालायची सहसा गरज नाही. अमेरिकेबाहेर सही करताना 'अमेरिकेच्या कायद्यानुसार खोट्या साक्षीच्या शिक्षेच्या जाणिवेने हे खरं असल्याचं मी जाहीर करते' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य, तारीख आणि सही असली की ते शपथपत्राच्या तोलाचं मानतात.

आणि 'मॅव्हनी' योजनेतून आलेल्यांसाठी. २००९ मध्ये हिंदीसारख्या भाषा किंवा वैद्यकीय कौशल्य यांच्या बळावर, अमेरिकेचे नागरिक नसलेल्यांची या योजनेतून भरती सुरू झाली, त्यातून आलेले काही जण पुढे राखीव दलात आहेत. सुरुवातीच्या तुकडीची वीस वर्षं २०२९ पासून भरू लागतील. तुम्ही अजून गणवेशात आहात, तर आजच उतारा काढून बघा. सेवेत असताना तीन पॉइंट एका शनिवार-रविवारात मिळवता येतात.

अर्ज गेल्यावर

कायद्याने बोर्डांना बहुतांश प्रकरणं दहा महिन्यांत आणि सगळी अठरा महिन्यांत निकाली काढायची असतात. मधल्या काळात दोन प्रकारची पत्रं येऊ शकतात. कागद अपुरे वाटले तर कुठले हवेत ते बोर्डाने लेखी कळवायचं असतं. दुसरं पत्र जास्त महत्त्वाचं. बोर्ड संबंधित विभागाचं मत मागवतं आणि त्याची प्रत तुम्हाला पाठवतं. ते मत तुमच्या विरोधात असेल तर पत्रात दिलेल्या मुदतीत मुद्देसूद उत्तर द्या. पुष्कळ जण इथे गप्प बसतात आणि मग विभागाचं मत जसंच्या तसं निर्णयात उतरतं. पत्ता बदलला तर बोर्डाला कळवा, हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं, पण अर्ज बंद पडण्याचं ते खरंखुरं कारण असतं.

निर्णय तीन नागरी सदस्यांचं मंडळ देतं. प्रत्यक्ष सुनावणी मागता येते, पण ती क्वचित मिळते. म्हणून सगळं कागदावरच पूर्ण असू द्या.

नकार आला तर निर्णयातली कारणं पेन घेऊन वाचा. कुठला पुरावा नव्हता म्हणून नाकारलं, ते त्यातच लिहिलेलं असतं. आधी न दिलेला नवा पुरावा मिळाला तर फेरविचाराचा अर्ज कितीही काळाने करता येतो. तेच कागद पुन्हा पाठवून उपयोग नाही. त्यापुढे संघीय न्यायालय आहे. तिथली मुदत साधारण सहा वर्षांची, पण ती कधीपासून मोजायची हे प्रकरणागणिक बदलतं, त्यामुळे नकार हातात पडताच वकिलाला दाखवा.

मंजुरी मिळाल्यावर लगेच

बोर्डाचा होकार म्हणजे पैसे सुरू झाले असं नाही. आधी नवा आदेश आणि पात्रतेचं पत्र हातात येऊ द्या, तारखा ताडून बघा. पत्र मिळाल्यापासून ९० दिवसांत जोडीदारासाठीच्या वेतनयोजनेचा पर्याय निवडायचा असतो, त्यासाठी डीडी २६५६-५ हा फॉर्म आहे. घरात बसून दोघांनी मिळून भरा. साठीपर्यंत आरोग्यविमा हवा असेल तर ट्रायकेअर रिटायर्ड रिझर्व्ह विकत घेता येतो, त्याचा हप्ता बघून ठरवा.

निवृत्तिवेतन आपोआप सुरू होत नाही. पात्र वयाच्या काही महिने आधी डीडी १०८ आणि डीडी २६५६ भरावे लागतात. फार उशीर केला तर सहा वर्षांपलीकडची थकबाकी बुडू शकते. साठी आधीच उलटून गेली असेल तर मंजुरीच्या पत्रासोबत हे दोन्ही फॉर्म त्याच आठवड्यात पाठवा.

फोनवरच्या माणसाला होकार यायला वर्षाहून अधिक काळ लागला. आता त्याच्या आदेशावर 'रिटायर्ड रिझर्व्ह' आहे. त्याने त्याची एक प्रत न्यू जर्सीत ठेवली आणि दुसरी आईकडे पाठवली, त्याच जुन्या बॅगेत ठेवायला.